यार्ड म्हणजे नेमकं काय? काठी, कुंपण आणि कामाची जागा

आज आपण एकच शब्द घेणार आहोत: यार्ड. इंग्रजीतून आलेला असला तरी तो आता आपल्याकडे परका राहिलेला नाही. पुण्यात रिक्षावाल्याला ‘मार्केट यार्ड’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मुंबईत हार्बर मार्गावर ‘डॉकयार्ड रोड’ नावाचं स्टेशनच आहे. भुसावळ, मनमाड, दौंड या गावांत कुणी ‘यार्डात ड्यूटी आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं. वीजकेंद्रातला माणूस स्विचयार्डाबद्दल बोलतो, बंदरातला कंटेनर यार्डाबद्दल, मेट्रोच्या कामावरचा इंजिनिअर कास्टिंग यार्डाबद्दल, भंगारवाला स्क्रॅप यार्डाबद्दल.

आता प्रश्न असा, की कांद्याचे ट्रॅक्टर, रेल्वेचे डबे, विजेच्या तारा आणि अर्धवट बांधलेली जहाजं, या सगळ्यांच्या जागेला एकच शब्द का? यांच्यात सारखं काय आहे? ‘मोकळी जागा’ असं उत्तर पटकन सुचतं. पण क्रिकेटचं मैदानही मोकळं असतं, त्याला आपण यार्ड म्हणत नाही. तेव्हा जरा खोलात जाऊ. आम्ही हा विषय निवडला तो केवळ शब्दाच्या गमतीसाठी नाही. यार्ड म्हणजे काय हे नीट कळलं, की कामधंद्यातले बरेच तंटे नेमके कुठे आणि का होतात, तेही कळतं.

दोन शब्द, एक उच्चार

सुरुवातीला एक गोंधळ बाजूला करू. इंग्रजीत यार्ड हे दोन वेगळे शब्द आहेत. आज त्यांचं स्पेलिंग आणि उच्चार सारखा आहे, पण जुन्या इंग्रजीत ते निराळे होते. एकाचा अर्थ काठी, छडी. काठीने मोजायचं, म्हणून त्यातून मोजमापाचा यार्ड आला. जहाजाच्या डोलकाठीवर शीड बांधायला जी आडवी काठी असते, तिलाही इंग्रजीत यार्ड म्हणतात, तो हाच शब्द. दुसऱ्या शब्दाचा अर्थ कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा. गार्डन हा शब्द त्याच्याच भाऊबंदांपैकी. आपला आजचा विषय हा दुसरा यार्ड आहे.

पण पहिल्यालाही आपल्याकडे घर मिालेलं आहे, हे जाता जाता सांगायला हवं. मोजमापाच्या यार्डाला मराठीत ‘वार’ म्हणतात. नऊवारी, सहावारी, पाचवारी यांतला वार तो हाच. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय यार्ड म्हणजे नेमके ९१.४४ सेंटिमीटर. म्हणजे नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटरचं. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली, कापड मीटरवर विकलं जाऊ लागलं, पण नऊवारीला कुणी ‘सव्वाआठ मीटरी’ म्हटलं नाही. जमिनीचंही तसंच. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात ११ वार गुणिले ११ वार, म्हणजे १२१ चौरस वार. असे ४० गुंठे झाले की एक एकर होतो. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेलं असतं, आणि बोलण्यात गुंठाच असतो.

काठी आणि कुंपण हे शब्द मुळात वेगळे. तरीही कामाच्या जागेत त्यांची गाठ पडतेच. कुंपणाच्या आत शिरलं की पहिली गोष्ट कोणती होते? मोजणी. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आपले जुने यार्ड

यार्ड हा शब्द येण्याआधी आपल्याकडे अशा जागा नव्हत्या का? होत्या, आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव होतं. लाकडाची, कोळशाची ती वखार. जहाजांची ती गोदी. मोकाट जनावरं कोंडायची ती कोंडवाडा. गाड्यांचा तो तळ किंवा आगार. एसटीचा डेपो आजही पाटीवर ‘आगार’च असतो. आणि शेतातलं ते खळं.

खळ्याकडे जरा थांबू, कारण यार्डाचा अर्थ त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. खळं म्हणजे सारवलेली, चोपलेली गोल जागा. मध्ये तिवडा, भोवती बैलांची पात. मळणी, उफणणी तिथे व्हायची. पण खळ्यावर आणखी एक काम होई, ते म्हणजे वाटणी. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट अशा बलुतेदारांना त्यांचं बलुतं पुष्कळदा खळ्यावरच मापून दिलं जाई. पीक शेतात उभं असताना ते शेतकऱ्याचं. घरात कणगीत गेलं की ते घराचं. मधल्या काळात, खळ्यावर असताना, त्यात इतरांचाही हिस्सा असे. म्हणून खळ्यावर माप कोण धरतो, रास किती मोठी दिसते, कुणाच्या देखत मोजणी होते, याला फार महत्त्व होतं. भांडणं व्हायची तीही तिथेच.

कोंडवाड्यातही हेच होतं. जनावर मालकाचं, पीक दुसऱ्याचं, ताबा तिसऱ्याचा, आणि दंड भरेपर्यंत दिवस मोजणं चालू.

तर यार्डाची व्याख्या आपण आता करू शकतो. यार्ड म्हणजे कुंपणातली अशी जागा, जिथे वस्तू राहायला येत नाही, बदलायला येते. तिचा मालक बदलतो, वाहन बदलतं, रूप बदलतं, किंवा तिची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. गोदामात वस्तू साठवून ठेवतात. यार्डात ती मध्येच असते, आधीच्याची पुरती सुटलेली नाही आणि पुढच्याची पुरती झालेली नाही. म्हणून प्रत्येक यार्डात चार प्रश्न उभे राहतात. मोजलं कुणी? ताबा कुणाचा? घड्याळ कधी सुरू झालं? आणि आत काम करणारा माणूस कुणाचा? हे चार प्रश्न घेऊन आपण एकेका यार्डात जाऊ.

बाजार आवार: मोजलं कुणी?

महाराष्ट्रात शेतमालाच्या खरेदी-विक्रीचं नियमन करणारा कायदा १९६३ चा. बाजार समित्या या कायद्याखाली चालतात. मार्केट यार्डाला सरकारी मराठीत ‘बाजार आवार’ म्हणतात. मुख्य बाजार आवार, उपबाजार आवार असे शब्द तुम्ही समितीच्या फलकांवर पाहिले असतील. आवार हा शब्द फार नेमका आहे. इमारत नाही, दुकान नाही, आवार.

या कल्पनेची पाळंमुळं विदर्भात आहेत. वऱ्हाडातल्या कारंज्याला १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. तो देशातला असा पहिला बाजार मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला. कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी बाजारात एकटा असायचा. वजन व्यापाऱ्याच्या काट्यावर, भाव रुमालाखाली दोन हातांच्या बोटांनी ठरायचा, आणि वजावटी वाटेल तितक्या. रुमालाखाली काय ठरलं ते शेतकऱ्याला दिसायचं नाही.

आवाराच्या कल्पनेने यावर सोपा उपाय दिला. व्यवहार ठरावीक कुंपणाच्या आत करा, उघड बोली लावा, वजन तिसऱ्या माणसाने करावं, आणि कागद द्यावा. मापाडी किंवा तोलणार हा परवानाधारक असतो, तो ना शेतकऱ्याचा, ना व्यापाऱ्याचा. आवाराचं कुंपण म्हणजे खरं तर एका नियमाची हद्द आहे. आत आलात की हे नियम लागू.

म्हणूनच आवाराबद्दलचे मोठे वाद हे कुंपणाचेच वाद असतात. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त केला, आणि आवारातली अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. २०२० च्या केंद्रीय कायद्यांपैकी एकात तर मुख्य मुद्दाच हा होता, की आवाराच्या हद्दीबाहेरच्या व्यापारावर राज्यांनी बाजार शुल्क लावू नये. बाजूने बोलणारे म्हणत होते, कुंपणाने शेतकरी कोंडला गेला आहे. विरोधातले म्हणत होते, कुंपण गेलं तर मोजणाराही जाईल आणि नियमही. २०२१ च्या शेवटी ते कायदे मागे घेतले गेले. आपली बाजू कोणतीही असो, दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर बोलत होत्या: व्यवहार कुंपणाच्या कुठल्या बाजूला होतो, यावर.

याचं आजचं उदाहरण लासलगावसारख्या कांद्याच्या बाजारात दिसतं. आवारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापारी रांगेतून चालत जातात, कांदा हातात घेऊन पाहतात, बोली होते, सौदापट्टी मिळते. मग ट्रॅक्टर काट्यावर जातो, काटापट्टी मिळते. त्यानंतर तो जातो व्यापाऱ्याच्या खळ्यावर. हो, तिथेही खळंच म्हणतात. फरक एवढाच, की हे खळं शेतकऱ्याचं नाही, व्यापाऱ्याचं आहे आणि आवाराच्या बाहेर आहे. माल तिथे खाली होताना ‘खालचा कांदा वेगळा निघाला’ म्हणून भाव तोडला जातो अशी तक्रार शेतकरी करतात ती याच टप्प्यावर. बोली आवारात झाली, पण माल उतरला आवाराबाहेर. तंटा नेमका या दोघांच्या मध्ये जन्म घेतो. जुन्या खळ्यावर माप कोण धरतो हा प्रश्न होता, नव्या खळ्यावरही तोच आहे.

रेल्वे यार्ड आणि कंटेनर यार्ड: घड्याळ कधी सुरू झालं?

आता रेल्वेकडे येऊ. समजा एका मालगाडीत पन्नास वॅगन आहेत आणि प्रत्येकीचं मुक्काम वेगळं. कुठेतरी ही गाडी तोडून, वॅगन वेगळ्या करून, एका दिशेच्या वॅगनांची नवी गाडी जोडावी लागेल. हे काम जिथे होतं ते मार्शलिंग यार्ड. शेजारीशेजारी दहा, वीस, तीस रूळ, एका टोकाला पंख्यासारखे फुटलेले आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एकत्र आलेले.

काही यार्डात मध्ये एक बुटकी टेकडी केलेली असते. तिला हंप म्हणतात, म्हणजे उंटाच्या पाठीवर असतो तसा उंचवटा. इंजिन मागून गाडी वर ढकलतं, माथ्यावर वॅगनची जोडणी सोडतात, आणि ती उतारावरून आपली आपण घरंगळत आपल्या रुळावर जाते. पुढचा सांधा आधीच बदलून ठेवलेला असतो. ऐकायला सोपं आहे. पण भरलेली वॅगन वेगळी पळते, रिकामी वेगळी, आणि तिला योग्य जागी थांबवणं हे कसबाचं काम आहे. दोन रूळ जिथे जवळ येतात तिथे एक खूण असते, फाउलिंग मार्क. डबा त्या खुणेच्या अलीकडे थांबला नाही, तर शेजारच्या रुळावरची गाडी त्याला घासेल. नादुरुस्त डब्यांसाठी वेगळा रूळ असतो, त्याला रेल्वेतली माणसं ‘सिक लाइन’ म्हणतात, आणि डबा चक्क ‘सिक’ होतो.

एवढं कौशल्य असूनही रेल्वेला यार्ड आवडत नाही. वॅगन धावते तेव्हा कमावते, यार्डात उभी असते तेव्हा नाही. म्हणून १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने सुट्या वॅगनांची वाहतूक कमी करत नेली आणि एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी जाणाऱ्या पूर्ण गाड्यांवर भर दिला. कोळसा, सिमेंट, खत, धान्य अशी आख्खी गाडी मधल्या यार्डात न तुटता थेट जाते. यात छोट्या व्यापाऱ्याची एक-दोन वॅगनांची सोय गेली आणि तो ट्रककडे वळला. यार्ड वगळलं तर वेग वाढतो, पण ज्याचा माल थोडा आहे त्याची सोय यार्डातच होती, हेही विसरून चालत नाही.

थांबण्याची किंमत मोजायला रेल्वेत दोन वेगळे आकार आहेत. माल भरायला-उतरवायला ठरावीक वेळ मोफत मिळतो. त्याहून जास्त वेळ वॅगन अडकवून ठेवली तर डॅमरेज. माल वॅगनमधून उतरवला पण रेल्वेच्या जागेवर पडून राहिला तर व्हार्फेज. पहिला आकार वाहन अडवल्याचा, दुसरा जागा अडवल्याचा. कंटेनरच्या धंद्यातही असेच दोन हिशेब चालतात. पेटी शिपिंग कंपनीची, तिचं भाडं वेगळं. जागा यार्डाची, तिचं भाडं वेगळं. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात, जे १९८९ मध्ये सुरू झालं, किंवा त्याच्या आसपासच्या कंटेनर यार्डात पेट्या एकावर एक रचलेल्या दिसतात. प्रत्येक पेटीला रांग, खण आणि थर असा पत्ता असतो. तळातली पेटी हवी असेल तर वरच्या हलवाव्या लागतात. म्हणून कोणती पेटी आधी बाहेर जाणार हे माहीत असणं म्हणजे अर्धं काम झालं.

आयात केलेल्या पेटीतला माल जमिनीवर आला तरी कस्टम्सची परवानगी मिळेपर्यंत तो आयातदाराच्या हातात येत नाही. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे तोपर्यंत तो मान्यताप्राप्त ताबेदाराकडे राहतो. यात आपले दोन प्रश्न एकत्र येतात: ताबा कुणाचा आणि घड्याळ किती पुढे गेलं.

या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीच दिली नाहीत तर काय होतं, याचं एक भीषण उदाहरण परदेशातलं आहे. लेबनॉनमधल्या बैरुत बंदराच्या आवारात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट पडून होतं. एका जहाजातून उतरवलेला हा माल सहा वर्षांच्या आसपास तिथेच राहिला. तो कुणी न्यायचा, कुणी हलवायचा, याचा निर्णय झाला नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी त्याचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसं गेली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. वस्तू मध्येच अडकली, की धोका होतो तो तिच्या मालकाला नाही, शेजाऱ्याला.

गोदी: वस्तूचं रूप बदलतं तेव्हा

आता जहाजांकडे. यार्डात वस्तूचा जन्मही होतो आणि शेवटही. ईस्ट इंडिया कंपनीसाठी लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईला आले ते १७३६ च्या सुमारास. पुढे वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. त्यातलं ‘त्रिंकोमाली’ हे १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगतं आहे.

आजच्या माझगाव डॉकमध्ये एक छोटी पण बोलकी पद्धत दिसते. बांधकामाच्या काळात जहाजाला यार्ड नंबर असतो. नौदलाची ‘मोरमुगाओ’ ही विनाशिका, गोव्यातल्या बंदराचं नाव मिळालेली, गोदीच्या कागदांवर होती ‘यार्ड १२७०५’. तिच्यानंतरची ‘इंफाळ’ म्हणजे ‘यार्ड १२७०६’. जहाज तयार होतं, समुद्रात चाचण्या होतात, सुपूर्द करण्याच्या कागदावर सह्या होतात, आणि मग ती नौदलात दाखल होऊन तिच्या नावापुढे ‘आयएनएस’ लागतं. मोरमुगाओच्या बाबतीत ते १८ डिसेंबर २०२२ रोजी झालं. यार्ड नंबर ते नाव, हा प्रवास म्हणजे जबाबदारीचा प्रवास आहे. तोपर्यंत जहाज बांधणाऱ्याचं, नंतर चालवणाऱ्याचं.

शेवटाचं यार्ड म्हणजे जहाजं तोडण्याची जागा. मुंबईत दारुखान्याला हे काम चालतं. भारताची पहिली विमानवाहू नौका, जुनी ‘विक्रांत’, २०१४ मध्ये तिथेच तोडायला घेतली. त्याहून खूप मोठं केंद्र गुजरातमधलं अलंग, १९८३ पासूनचं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो. मोठ्या भरतीला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटी झाली की ते चिखलात उभं राहतं, आणि तिथेच तोडायचं. या यार्डाला तीन बाजूंनी कुंपण आहे, चौथ्या बाजूला समुद्र. तेल, ॲस्बेस्टॉस, रंगातलं शिसं त्या बाजूने कुठे जातं, हा अनेक वर्षांचा वाद. भारताने २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला, आणि २००९ मध्ये ठरलेला हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी जगभर लागू झाला. त्यात जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी जहाजाबरोबर यावी अशी अट आहे. म्हणजे पुन्हा तेच: आत येताना मोजा, आणि कागद द्या.

स्विचयार्ड: खडी का पसरतात?

एक यार्ड असं आहे जिथे माल दिसतच नाही. वीजकेंद्र किंवा उपकेंद्राच्या कुंपणाआड खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि पायाखाली खडी. ही खडी साफसफाईसाठी टाकलेली नसते. बिघाड झाला की मोठा प्रवाह जमिनीत शिरतो, आणि जमिनीवर दोन पावलांइतक्या अंतरातही दाबाचा फरक पडू शकतो. माणूस तिथे उभा असेल तर एका पायातून प्रवाह शिरून दुसऱ्यातून बाहेर पडू शकतो. कोरडी खडी विजेला मोठा विरोध करते, म्हणून साधारण १० ते १५ सेंटिमीटरचा थर पसरतात. खाली तांब्याची किंवा लोखंडाची जाळी पुरलेली असते. खडीत गवत वाढू देत नाहीत, कारण ओलसर गवत आणि माती आली की थराचा उपयोग कमी होतो. कुंपणही जमिनीशी जोडलेलं असतं, बाहेरून हात लावणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून.

पण ही जागा ‘यार्ड’ का? कारण इथेही हात बदलतात. वीज तयार करणारी कंपनी, वाहून नेणारी कंपनी आणि वाटणारी कंपनी यांच्या हद्दी अशाच ठिकाणी भेटतात, आणि मीटर तिथेच बसवलेले असतात. इथे कांदा नाही की कापूस नाही. तरीही मोजणी आहे, ताबा आहे आणि कुंपण आहे.

आत काम करणारा माणूस कुणाचा?

आता चौथा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. यार्डात वस्तू मध्येच असते, तसा तिथला माणूसही मध्येच सापडतो. मार्केट यार्डातला हमाल सकाळी एका गाळ्याचं पोतं उचलतो, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी ट्रकवाल्याचं. मग त्याचा मालक कोण? पूर्वी उत्तर होतं, कुणीच नाही. काम आहे त्या दिवशी पैसे, नाहीतर नाही. आजारपण, म्हातारपण, अपघात, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर.

गोदीत याचं एक उत्तर आधी निघालं होतं. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने कामगारांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी मंडळं ही वाट काढली. त्याच विचाराचा महाराष्ट्रातला कायदा म्हणजे १९६९ चा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांनी केलेल्या लढ्याचं ते फळ. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. कायद्याची युक्ती अशी: कामगार एका मालकाचा नसेल, तर तो मंडळाचा. मंडळात कामगार, मालक आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी. मालकांनी मजुरी मंडळाकडे भरायची, वर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. मंडळ कामगाराला पगार देतं, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधपाणी यांची सोय होते. हमाल शंभर जणांचं ओझं उचलतो, तर त्याच्या म्हातारपणाचं ओझं त्या शंभर जणांनी वाटून घ्यावं, इतका साधा हिशेब.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत याच प्रश्नावर काम करत आली. १०० किलोचं पोतं ५० किलोवर यावं यासाठी हमाल संघटनांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. वरवर ही वजनाची मागणी वाटते. पण पोत्याचा आकार ठरवणारा आणि ते पाठीवर घेणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि दुसऱ्याला विचारण्याची पद्धतच नव्हती, हे त्यामागचं खरं दुखणं.

रेल्वे यार्डातही असंच. दोन डबे जोडायला पूर्वी माणसाला दोन डब्यांच्या मधे शिरून जड साखळी अडकवावी लागे. आता मालडब्यांना धक्क्यासरशी आपोआप अडकणारे कपलर असतात. तरी शंटिंगच्या वेळी माणसाला मधे जावं लागणं पूर्ण थांबलेलं नाही, आणि त्यात जीव जातात. अलंगला ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड इथून आलेले मजूर काम करतात. वस्तू हात बदलताना धोका वाढतो, आणि तो धोका अंगावर घेणारा बहुधा दोन्ही हातांपैकी कुणाचाच नसतो.

आता यार्डाची नावं बदलत आहेत. भिवंडीच्या आसपास मैलोगणती गोदामं उभी आहेत. त्यांना कुणी यार्ड म्हणत नाही, वेअरहाऊस म्हणतात, हब म्हणतात, लॉजिस्टिक पार्क म्हणतात. पण मोबाइलवर मागवलेली वस्तू तिथे राहायला येत नाही. ती येते, मोजली जाते, निवडली जाते, दुसऱ्या गाडीत चढते आणि काही तासांत निघते. आपल्या व्याख्येने ते यार्डच झालं. तेव्हा तिथेही तेच चार प्रश्न विचारायचे. वजन आणि संख्या कुणी लिहिली? वस्तू फुटली किंवा हरवली तर त्या क्षणी ताबा कुणाचा होता? उशिराचा आकार कुणाच्या माथी? आणि ती उचलणारा, तिच्यामागे धावणारा पोरगा कंपनीचा, कंत्राटदाराचा, की नुसता ॲपचा?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं हल्ली संगणक चोख देतात. पेटीचा पत्ता, वॅगनची वेळ, पार्सलचा ठावठिकाणा, सगळं पडद्यावर दिसतं. चौथ्याचं उत्तर मात्र अजून कुंपणाबाहेर उभं आहे. ते महाराष्ट्राने १९६९ मध्ये एकदा शोधून दाखवलं होतं, हमाल आणि माथाड्यांसाठी. नव्या यार्डांसाठी ते नव्याने शोधावं लागेल. इथे थांबतो. आता प्रश्नोत्तरं घेऊ.